उंदरासाठी कढवलेलं तेल

मुंबई,
१६ जानेवारी १९७७

तीर्थरूप आत्याबाई यांना शेषरावचा सविनय जयभीम.

आपल्या गावचा देवमन अकोल्याहून रेल्वेच्या कामासाठी इकडे आला होता, त्याच्याकडून आपली खुशाली कळली. मामांच्या छातीत मधूनमधून धडधड होते असंही तो म्हणाला. त्याबद्दल सविस्तर कळवावं.

माझं सांगायचं तर इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मला संशोधनासाठी जागा मिळाली आहे. शिष्यवृत्ती एक वर्षाची. डिसेंबरअखेर काही ठोस निकाल दाखवला तर ती पुढे चालेल, नाही तर जागा जाईल आणि मला गाठोडं बांधून परत यावं लागेल. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्यासारख्यांना इथवर सवलतीनं येता येतं, पण हृदयाच्या ठोक्यांना सवलत कळत नाही." सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करणार होतो?

विषय मी मुद्दाम निवडला. बाबा शेतातून घरी येता येता बांधावर कोसळले, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते आणि मी नऊ. ताप नाही, दुखणं नाही. त्यांच्या हृदयाची लयच मोडली असावी, असं मला इथे येऊन वाटू लागलं आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा फार पातळ पापुद्रा असतो. त्यात बारीक दारं असतात. एका दारानं मीठ आत येतं, एकानं चुना येतो, एकानं पोटॅश बाहेर जातं. ही दारं ठरल्या क्रमानं उघडली-मिटली की एक ठोका पडतो. क्रम चुकला की ठोका चुकतो, आणि फारच चुकला तर हृदय नुसतं फडफडतं. आता पापुद्रा चरबीचा, आणि ती चरबी आपण खातो त्या तेलातुपातून येते. मग तेल बदललं की दारांची उघडझाप बदलते का? तशी शंका काहींना आहे, सिद्ध कोणी केलेलं नाही.

मी उंदरांचे दोन गट करणार आहे. एकाला वनस्पती तूप, दुसऱ्याला जवसाचं तेल. तीन महिन्यांनी त्यांची हृदयं काढून काचेच्या नळीवर टांगायची आणि त्यातून कोमट खारं पाणी सोडायचं. तिथे ती तासभर आपली आपण धडधडतात. मग एक रक्तवाहिनी दोऱ्यानं आवळायची आणि कोणाची लय मोडते ते मोजायचं.

मुंबईत मिळतं ते जवसाचं तेल रंगाऱ्यांचं. सर म्हणाले, "जवस घराची दारं रंगवायला ठीक आहे, हृदयाच्या दारांना कशाला?" म्हणून आपल्या वावरातल्या जवसाचं, नानाजी तेल्याच्या लाकडी घाण्याचं शुद्ध तेल एक डबाभर पाठवावं, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
शेषराव

*

रिठद, जि. अकोला
३० जानेवारी १९७७

शेषराव,

जयभीम. तुहं पत्र पोचलं. पयले मले वाटलं बीडीओ साहेबाचं पत्र चुकून आपल्या घरी पडलं. 'कळवावं', 'सविस्तर', 'नम्र विनंती', 'आज्ञाधारक'! अरे बह्याडा, जिनं तुहं नाक पुसलं तिले आपन म्हनतं काय? चौथी शिकेल बाई हाय मी, पन इतकं कळते का हे पोट्टं मुंबईच्या पान्यानं फुगलं.

आता तुह्या उंदराचं. इकडं आमी कनगीतले उंदीर माराले पिंजरे लावून राह्यलो, अन् तिकडं सरकार तुले उंदराले तेल पाजाचा पगार देऊन राह्यलं. बाप्पा बाप्पा, असं राज्य पाह्यलं नाई. अन् ते दारं! मिठाले एक दार, चुन्याले एक दार. आता काताचं अन् सुपारीचं बी सांगून टाक, म्हंजे पानठेलाच होते. पेशीले दारं मोजनारा तुहा तो सर, त्याले घरी बसाले खुर्ची नाई काय?

पन मी काई बोलत नाई. उंदराले तेल लागते म्हन्ते, त लागत असन. मले एवढं सांग, तुहा उंदीर तिथं होस्टेलात काय खाते? दोन टाइम पोटाले भेटते का त्याले? भाकर भेटते का नुसता पाव? खरं लिहिजो. उंदीर वाळला त मले आवडनार नाई.

जवस अजून निळ्या फुलावर हाय. मार्चात निघन. नानाजीच्या घान्यावर मी सोता उभी राहून पिळून घेईन. ज्या घान्याच्या सावलीत तुह्या आज्याले उभं राहू देत नव्हते, त्याच घान्यापाशी मी आता पाटावर बसते अन् नानाजी मले 'बाई, जरा सरका' म्हन्ते. तवा भेसयीची काळजी करू नको.

तुह्या मामाचं इचारलं. माहे मालक, ग्यानबाराव, मजेत हायेत. त्याईचं काळीज तीन ठोके देते अन् चौथ्याले दांडी मारते, शाळेतल्या गुरुजीवानी. रिसोडच्या डाक्टरनं छातीले नळी लावली, मान हालवली अन् गोळ्या देल्ल्या. मी त्याले सकाई-संध्याकाई आपल्याच जवसाचं तेल वाढते. डब्यातलं तूप, तुहं ते वनस्पती, शेजारच्या चंपाबाईनं आनलं, अन् रिकामा डब्बा ओट्यावर ठेवते, लोकाईले दिसावा म्हून. माह्या घरात ते नाई येनार. तुही माय गेल्यावर तुह्या बापाचं ताट म्याच वाढलं, तुहं बी म्याच वाढलं, अन् तुह्या मामाचं त तीस वर्सापासून वाढून राह्यली. मले कोनत्या तेलानं काय होते ते उंदीर शिकवनार काय?

तुही आत्या
अंजना

*

मुंबई,
१० एप्रिल १९७७

आत्या,

जयभीम. बरं, 'आपण' सोडलं. देवमननं डबा सुखरूप आणून दिला. तेल अगदी निवळशंख आहे, आणि बाजारच्या तेलाचा तो उग्र वास याला अजिबात नाही. सर झाकण उघडून हुंगले आणि म्हणाले, "वास तर भजी तळायचा येतोय." म्हणोत. आजपासून उंदरांना सुरू केलं.

डब्याबरोबर गाठोडं आलं. त्यात तूरडाळ, कुरडया, चाळीस पापड, ठेच्याची बरणी आणि वर चिठ्ठी: 'हे बी उंदरासाठी.' आत्या, उंदीर ठेचा खात नाहीत. ठेचा मी खाल्ला. कुरडयाही मीच खाल्ल्या. तू माझ्या कामाची थट्टा करतेस याचं मला वाईट वाटत नाही, पण हे काम आहे, खेळ नाही, एवढं लक्षात ठेव. सगळं डिसेंबरवर टांगलेलं आहे. मामांच्या गोळ्या चालू ठेव.

शेषराव

*

रिठद,
२२ एप्रिल १९७७

शेषराव,

ठेचा तूच खाल्ला, कुरडया तूच खाल्ल्या. मले काय, उंदरानं खाल्लं का तू खाल्लं, पोटात गेलं म्हंजे झालं. आंगाले लागलं का नाई ते लिही. तुहे ते शहानपन पत्रात कमी पाठवजो.

तुहा सर भजे म्हन्ते त त्याले दे दोन भजे करून. लोकाच्या तेलाचा वास घेत फिरनारा मानूस शिकेल असते काय?

मामा बरा हाय. काल वावरात चक्कर आली म्हने, मंग म्हने नाई आली. मी म्हटलं एकदा काय ते ठरवा.

अंजना

*

मुंबई,
२४ जुलै १९७७

आत्या,

निकाल लागला. वनस्पतीच्या बारा उंदरांपैकी आठांची हृदयं फडफडून थांबली. जवसाच्या बारांपैकी सात. आठ आणि सात, याला कोणी फरक म्हणत नाही. सरांनी तक्ता वाचला, टेबलावर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रिठद! मी नकाशात शोधलं, नाही सापडलं. आता तक्त्यातही सापडत नाही." शिपाईसुद्धा हसला. डिसेंबरला मी इथे नसेन, असं सगळे धरूनच चालले आहेत. माझ्या शेजारच्या मुलानं माझी खुर्ची कोणाला मिळणार तेही विचारून ठेवलं.

चार दिवस मी एकच गोष्ट घोकतो आहे. एक तर माझी कल्पना चूक, नाही तर तेल खोटं. नानाजीनं करडी, सरकी, हाताला येईल ते घाण्यात ढकललं असणार. आणि तू म्हणे उभी राहून पाहत होतीस. काय पाहत होतीस? बैल? तुम्हा लोकांना शुद्ध म्हणजे काय तेच कळत नाही. एक डबा तेल मागितलं होतं, तेवढंही धड होत नाही. मी इथे तीन महिने माणसासारखी झोप घेतलेली नाही, आणि तुम्हाला सगळी गंमत वाटते. पापड पाठवले म्हणजे झालं!

डब्यात नक्की काय होतं ते कळव. खरं कळव. बाकी काही लिहू नकोस.

शेषराव

*

रिठद,
२ ऑगस्ट १९७७

शेषराव,

'तुम्हा लोकांना' म्हन्ते. मंग तू कोनता लोक हायेस रे? आभायातून पडला काय? मुंबईत एक पांढरा कोट भेटला अन् आमी लोक झालो! पत्र वाचून मी चूल पेटवाले घेतलं होतं. मंग म्हटलं, नाई, जवाब देऊ, अन् असा देऊ का त्या कोटाच्या बटना तुटल्या पायजे.

नानाजीचं नाव घेऊ नको. त्या मानसानं दोन घाने पयले फुकट फिरवले, आंधीच्या करडीचा अंश राहू नाई म्हून. मी जवस चाळलं, निवडलं, धुतलं, वाळवलं. तेल निंघालं ते झाकन लावून सरळ घरी आनलं. बैल नाई पाह्यले, तेलच पाह्यलं.

अन् मंग घरच्या मानसाले जसं देतेत तसं देल्लं. मोठी कढई चुलीवर ठेवली. धूर निंघेस्तोर तेल तापवलं, कांदा चिरून टाकला, शिळ्या भाकरीचा तुकडा टाकला. भाकर काळी ठिक्कर झाली तवा काढली. तिच्यात सारा कडवटपना जाते. घरी एकदा कढवते. तुह्यासाठी तीनदा कढवलं. हाताले फोड आले. कच्चं तेल कोनी कोनाले देते काय? कच्चं तेल बैलबंडीच्या आसाले लावतेत, दिव्यात घालतेत. पाव्हन्याले कच्चं तेल वाढलं त तो पुन्हा उंबरा चढत नाई. अन् मी माह्या घरच्या पोट्ट्याले कच्चं तेल पाठवू?

आता लिहूनच टाकते. तुह्या उंदरावर माहा कधीच भरोसा नव्हता. उंदराले कोन डब्बाभर तेल चारते? मले वाटलं पोट्टं उपाशी हाय. होस्टेलात सुकं खाऊन राह्यलं, तेलाचा थेंब नाई, अन् मागाले शरम वाटते म्हून उंदराचं नाव पुढं केलं. तू लहान होता तवा हेच करे. भूक लागली का म्हने, 'आत्या, मांजरीले भाकर दे ना.' घरात मांजर नव्हती. तिच्या नावानं तू कितीक भाकरी खाल्ल्या. म्या एक दिवस बी म्हटलं नाई का मांजर कुठं हाय. तसंच आता बी नाई म्हटलं.

म्हून त्या डब्यात काय होतं ते आयक. जवसाचं तेल होतं, तीनदा कढवेल. दुसरं काई नव्हतं. तू खाशीन म्हून पाठवलं, अन् तू खरंच उंदराले चारलं. शरम मले नाई, तुले वाटाले पायजे.

अंजना

*

मुंबई,
९ ऑगस्ट १९७७

आत्या,

माहं चुकलं. 'तुम्हा लोकांना' लिहिलं तो हात मोडाले पायजे. तुहं पत्र मी जिन्यात बसून वाचलं अन् तिथंच बसून राह्यलो. मांजर मले आठवते.

पण आता नीट ऐक. भेसळ नव्हती, माझी कल्पनाही कदाचित चूक नसेल. जवसाच्या तेलात एक मेदाम्ल असतं. तेच पेशीच्या पापुद्र्यात शिरून दारं नीट वागवत असेल, असं माझं म्हणणं. पण ते फार नाजूक आहे. उजेड, हवा आणि आच त्याला सोसत नाही. धूर निघेपर्यंत तापवलं, तेही तीनदा, तर त्याचं काय उरणार? मी उंदरांना जवस दिलंच नाही. मी त्यांना तुझं कढवणं दिलं.

सरांना सांगितलं. ते खो खो हसले. "म्हणजे तुमच्या आत्याबाईंनी संशोधन तळून काढलं!" मग म्हणाले, डिसेंबरपर्यंत वेळ तुमचा आहे, हवा तसा घालवा.

मला एकाच घाण्याचं तेल हवं. अर्धं जसंच्या तसं, कच्चं. अर्धं तू कढवलंस तसंच तीनदा कढवून. दोन वेगळे डबे. आणि कढवायची रीत बारकाईनं लिही: किती तेल, किती वेळ, किती कांदे. यंदाचं जवस शिल्लक आहे का? नसेल तर माझं संपलं.

शेषराव

*

रिठद,
२८ ऑगस्ट १९७७

शेषराव,

देवमनच्या हाती दोन डब्बे देल्ले. ज्याले लाल चिंधी बांधेल हाय ते कच्चं. तो डब्बा देतांनी माही मान खाली गेली. देवमनले सांगतलं हे औषधाचं हाय, नाई त तो गावभर करीन का अंजनाबाईनं मुंबईले कच्चं तेल धाडलं.

जवस बियान्याचं ठेवेल होतं, तेच पिळलं. पुढच्या साली वावरात दुसरं काई पेरू. तू त्याच्यावर रडगानं लिहू नको.

रीत लिही म्हन्ते. किती वेळ? कढईपाशी घड्याळ घेऊन कोन बसते रे? धूर निंघाला, डोये चुरचुरले, भाकर काळी झाली, झालं. तेल कढईत चार बोटं. कांदा एक, मोठा. पुरा गार होऊ द्याचं, मंग पुन्हा. एवढ्या गोष्टीले तुह्या सरले कागद लागते, अन् आमच्या पोरी सात वर्साच्या असतांनी शिकतेत. संशोधन तळून काढलं म्हन्ते काय तुहा सर, मंग त्याच्या घरी पुऱ्या कोन तळते ते इचार त्याले.

तुहा मामा कढईजवय येऊन बसला होता. कढवेल तेलाचा वास आला का त्याले भूक लागते, जवानीपासूनची सवय हाय. म्हने, दोन डब्बे कायले? मी म्हटलं एक उंदराच्या पोटाले, एक उंदराच्या परीक्षेले. हासला अन् मंग छातीवर हात ठेवून उलुसा थांबला. म्हने, काई नाई, एक ठोका गळाला, येईन मागून.

अंजना

*

मुंबई,
२३ डिसेंबर १९७७

आत्या!

जागा राहिली! दोन वर्षं वाढवून मिळाली!

आकडे सांगतो, तूच पाहा. वनस्पतीचे बारा, त्यांतले आठ गेले. कढवलेल्या तेलाचे बारा, त्यांतलेही आठ गेले. कच्च्या तेलाचे बारा, फक्त दोन गेले. दोन! त्याच वावरातलं जवस, तोच घाणा, तेच बैल, फरक फक्त तुझ्या कढईचा. इतका सरळ प्रयोग मला सुचलाच नसता. माझ्या डोक्यात दोन गट होते, तिसरा तुझ्या चुकीनं दिला.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हे कढवणं म्हणजे नेमकं काय करतात?" मी सांगत गेलो आणि ते लिहून घेत गेले, धूर, कांदा, शिळी भाकर, सगळं. शेवटी म्हणाले, "रिठद कुठे आलं म्हणालात?" ज्या माणसाला नकाशात रिठद सापडत नव्हतं, त्याच्या वहीत आता ते दोनदा आहे. खुर्ची विचारून ठेवणारा तो मुलगा मला चहा पाजायला निघाला होता. म्हटलं, तूच पी.

आणखी एक गंमत. कढवलेल्या तेलाच्या काही उंदरांची हृदयं दोरा आवळायच्या आधीपासूनच वाकडी चालायची. तीन ठोके आणि चौथा गायब, तीन ठोके आणि चौथा गायब, अगदी आपल्या मामांसारखी! मी एकाचं नावच ग्यानबा ठेवलं. अर्थात हे उंदरांचं झालं. माणसांना ते लागू पडतं की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही, आणि बारा-बारा उंदरांवरून कोणी बोलूही नये.

पण खरंच सांगतो, तुझ्या कढईनं मला वाचवलं. गावात पेढे वाट.

तुझा
शेषराव

*

रिठद,
१५ जानेवारी १९७८

शेषराव,

तुही जागा राह्यली, लय बरं वाटलं. पेढे नाई वाटले, गूळ वाटला. चंपाबाईनं इचारलं पोट्टं कायच्यात पास झालं. मी म्हटलं उंदरात. तिले समजलं नाई, मी समजावलं बी नाई. तुह्या सरनं रिठद वहीत लिहिलं म्हून तू नाचून राह्यला. रिठद त्याच्या वहीच्या आंधीपासून इथंच हाय. त्याले सांगजो.

आता दुसरं. तुहं पत्र मी तुह्या मामाले वाचून दाखवलं. अर्धंच दाखवलं. 'आनखी एक गंमत' इथं आली अन् थांबली. म्हटलं पुढं डाक्टरी भाषा हाय, समजत नाई. तो म्हने, जाऊ दे, पास झाला ना. ते पान मंग चुलीत टाकलं. टाकाच्या आंधी पाच वेळा वाचलं.

लय शिकला तू. तीन ठोके अन् चौथा गायब. हासू आलं तुले लिहितांनी. अरे, उंदराचं नाव ग्यानबा ठेवतांनी हे डोक्यात नाई आलं का ग्यानबाले ते तेल कोन वाढते? उंदराचं मानसाले लागत नाई म्हन्ते. मंग सरकारनं तुले तिथं कायले बसवलं, उंदराचं भलं कराले? मले समजावू नको. पयल्या पत्रात तूच लिहिलं होतं का तुह्या बापासाठी हा विषय घेतला. बापासाठी घेतला, अन् बाप कोनाच्या हातचं जेवे ते इसरला.

मी तुले लिहिलं होतं घरी एकदा कढवते. ते बी खोटं हाय. तुह्या मामाले वास आवडते म्हून दोनदा कढवत होती. तुह्या बापाले बी तसंच आवडे. भावाले नाई म्हनून कसं चालन? ज्या दिवशी तो बांधावर पडला, त्या दिवशी बी सकाई त्याच्या भाकरीवर म्याच तेल घातलं, उलुसं जास्तच घातलं, कारन वावरात काम जास्त होतं.

गावात सगये म्हनत, अंजनाच्या हातचं तेल खावं. मले लय गर्व होता त्याचा. चंपाबाईच्या डब्याले मी नाव ठेवे. आता तिच्या ओट्यापुढून जातांनी डोये वर होत नाई माहे. तुह्या तक्त्यात तिचा डब्बा अन् माही कढई बराबर हाय. आठ अन् आठ.

पंधरा दिवसापासून मी कच्चं तेल वाढून राह्यली. बियान्याचं पिळलं त्यातलं एक गडू ठेवलं होतं, बंडीसाठी. तेच. गरम भाकरीवर वरून घालते. पयल्या दिवशी तुह्या मामानं तोंड वाकडं केलं. म्हने, 'वास येऊन राह्यला. तेल कढवलं नाई काय?' मी म्हटलं, कढवलं ना. दुसऱ्या दिवशी म्हने, 'म्हातारी झाली तू. तुले आता कढवाची बी आठवन राह्यत नाई.' मी म्हटलं, हाव, झाली म्हातारी. तीस वर्सात त्या मानसानं माह्या जेवनाले कधी नाव ठेवलं नव्हतं. आता रोज ठेवते. शेजारी बसून सांगते, पाव्हन्याले सांगते, का अंजनाचा हात गेला. अन् मी खाली मान घालून भाकर वाढते. तुले माहीत हाय, मी कोनाचं आयकून घेनारी बाई हाय काय?

रोज सकाई त्याच्या मनगटावर बोटं ठेवते. ताप पाह्यते म्हन्ते. मनात मोजते. पयले चार-चार ठोक्याले एक गळे. काल चाळीस मोजले, दोनच गळाले. तू म्हनशीन एका मानसावरून काई सिद्ध होत नाई, गोळ्या बी चालू हायेत. नको होऊ दे सिद्ध. तुह्या तक्त्यात हे घालजो नको, सरले सांगजो नको.

अन् एक काम कर. माह्या हातचं तू अठरा वर्सं जेवला. आपल्या मनगटावर बोटं ठेव, शंभर मोज, अन् किती गळाले ते खरं लिहून पाठव. उंदराचं नाव पुढं करू नको.

तुही आत्या
अंजना